पावलाच्या शस्त्रक्रियेसाठी नसांचा ब्लॉक : रुग्णांसाठी माहिती

ब्लॉक म्हणजे नसेजवळ भुलीचे औषध देऊन तिचा भाग बधिर करणे. पावलाची संवेदना पाच नसांमधून जाते. चार सायॅटिक नसेच्या, म्हणजे मांडीच्या मागून उतरणाऱ्या मोठ्या नसेच्या, शाखा आहेत. पाचवी, सॅफेनस, मांडीतल्या फीमोरल नसेतून निघून घोट्याच्या आतल्या बाजूला उतरते. बोटांच्या शस्त्रक्रियेला घोट्याभोवती इंजेक्शने देऊन या नसा बधिर करता येतात. टाचेचे किंवा घोट्याचे काम असेल तर गुडघ्यामागे सायॅटिकचा ब्लॉक देतो. मात्र सॅफेनसला वेगळे इंजेक्शन लागतेच. ते राहिले तर सगळे पाऊल सुन्न होऊनही आतला घोटा दुखत राहतो. पावलात पू झाला असल्यास इंजेक्शन पायात वरच्या बाजूला, पुवापासून दूर देतो, कारण पुवाजवळ भुलीचे औषध नीट चढत नाही.

सुई सोनोग्राफीत पाहत नसेजवळ नेतो. पायात करंट मारल्यासारखी कळ गेली तर लगेच सांगा. तोंडात धातूची चव, ओठांना मुंग्या, कानात आवाज, यांपैकी काहीही जाणवले तरी तसेच.

भुलीच्या औषधांपैकी लिग्नोकेन लवकर चढते, पण काही तासांत उतरते. ब्युपिवाकेन आणि रोपिवाकेन चढायला 15 ते 30 मिनिटे लागतात. गुडघ्यामागे दिल्यास असर बहुधा 12 ते 24 तास राहतो. शस्त्रक्रिया चालू असताना ओढल्यासारखे, दाबल्यासारखे कळेल. दुखता मात्र कामा नये.

खरी फजिती होते ती ब्लॉक उतरताना. पाय दुखत नाही म्हणून गोळी टाळली जाते, मध्यरात्री ब्लॉक झपाट्याने उतरतो आणि कळा एकदम सुरू होतात. गोळीला तर असर दाखवायला वेळ लागतो. म्हणून डॉक्टरांनी लिहून दिलेली गोळी दुखायची वाट न पाहता, ठरल्या वेळेला घ्या. मुंग्या येऊ लागल्या की ब्लॉक उतरतोय असे समजा.

ब्लॉक उतरेपर्यंत पाऊल उचलता येत नाही, ते लोंबते. वॉकर आणि सोबतीला माणूस असल्याशिवाय उठू नका, रात्री लघवीला जातानासुद्धा. पाय उशीवर उंच ठेवा, पण टाच अधांतरी राहू द्या. गरम पाण्याची पिशवी नकोच. सुन्न कातडी भाजलेली कळत नाही.

बोटे निळी किंवा गार पडली, प्लास्टर आवळल्यासारखे वाटले, गोळ्या घेऊनही कळ वाढत गेली, तर त्याच वेळी फोन करा, सकाळची वाट पाहू नका. 48 तासांनंतरही बधिरपणा राहिला तर दाखवायला या.

रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर आधी सांगा, स्वतःहून बंद करू नका. मधुमेहाने पाय आधीच बधिर असतील तर तेही सांगा. अशा पायात ब्लॉक जास्त वेळ टिकू शकतो.