खुलासा: उत्पन्न विचारलं की राहणीमान कळतं?

‘घराचं उत्पन्न विचारा, राहणीमान कळेल’ हा समज जुना आहे, पण विकसनशील देशांत तो टिकत नाही. शेती किंवा रोजंदारीवरच्या कुटुंबाची कमाई हंगामागणिक बदलते. घरी पिकवून खाल्लेलं धान्य तर कमाई म्हणून कुणी सांगतही नाही. शिवाय उत्पन्नाचा आकडा लोक कमीच सांगतात (कराची धास्ती, दुसरं काय!). म्हणून जागतिक बँकेने १९८० मध्ये सुरू केलेल्या राहणीमान मापन उपक्रमात भर उपभोगावर, म्हणजे घर प्रत्यक्षात काय खातं-वापरतं यावर, राहिला. पहिली सर्वेक्षणं १९८५ मध्ये आयव्हरी कोस्ट आणि पेरूत सुरू झाली. त्यात घरच्या धान्याचीही किंमत धरतात. उपभोगाचा आकडाही निर्दोष नाही म्हणा: आठवड्याऐवजी महिन्याभराचा खर्च आठवायला सांगितला, की त्याच घराचा नोंदलेला खर्च बहुधा घटतो.