बाळगुटीतलं मायफळ आणि गाठींचा कर्ता कोण?

बाळगुटीच्या डबीत हळकुंड, वेखंड, मुरुडशेंग यांच्या शेजारी मायफळ आणि काकडशिंगी असतात. या शेवटच्या दोन वस्तू म्हणजे कीटकांनी झाडाकडून करवून घेतलेल्या गाठी. तुर्कस्तान, सीरिया, इराण या भागांत झुडपासारखा वाढणारा एक ओक आहे. एका इवल्या गांधीलमाशीमुळे त्याच्या डहाळीवर मायफळ धरतं. काकडशिंगी हिमालयाच्या उतारांवरची. ती मावा, म्हणजे झाडाचा रस शोषणारी इवली कीड, घडवतो, शिंगासारखी लांबट आणि आतून पोकळ.

मायफळ सहाणेवर उगाळण्याआधी नीट पाहावं. लहान बोराएवढं, दगडासारखं कठीण, अंगावर बारीक उंचवटे. एखाद्याला गोल भोक असतं. आत वाढलेली माशी तिथूनच कुरतडून बाहेर पडलेली असते. व्यापारात भाव बिनभोकाच्या, निळसर-हिरव्या गाठींना, कारण त्यांत टॅनिन हे तुरट द्रव्य भरपूर. या टॅनिनमध्ये हिराकस, म्हणजे लोखंडाचा क्षार, आणि डिंक मिसळला की शाई होते. लिहिताना फिकी दिसते आणि हवा लागताच काळी पडते. चौथ्या शतकातलं ‘कोडेक्स सिनाइटिकस’ हे बायबलचं हस्तलिखित अशाच शाईत आहे. युरोपातले दस्तऐवज तर पुढे शतकानुशतकं हिनेच लिहिले गेले आणि त्यासाठी सीरियातल्या अलेप्पोच्या बाजारातून गाठी जात राहिल्या.

पण एवढा वापर होऊनही गाठ घडवतं कोण, हे कुणाला ठाऊक नव्हतं. इटलीच्या फ्रान्चेस्को रेदीने 1668 मध्ये झाकलेल्या मांसात अळ्या पडत नाहीत हे प्रयोगाने दाखवलं आणि जीव आपोआप जन्मतो या समजुतीला मोठा हादरा दिला. तोच रेदी गाठींपाशी मात्र अडला. आतली अळी झाडाच्याच प्राणशक्तीतून उपजते, असं त्याने मानलं. मला या इतिहासातला हा सर्वांत बोलका टप्पा वाटतो. उत्तर दिलं बोलोन्याच्या मार्चेल्लो माल्पीगीने. त्याने ओकच्या कळीत अंडी घालणारी माशी पाहिली, अंडी शोधली, आणि माशीने सोडलेल्या द्रवामुळे गाठ वाढते असा तर्क 1679 मध्ये मांडला.

माशी सापडली तरी गुंता उरलाच. हेर्मान आडलर या जर्मन डॉक्टरने 1881 मध्ये दाखवलं की ओकवरच्या अनेक माश्यांच्या दोन पिढ्या दिसायला वेगळ्या असतात, त्यांच्या गाठीही वेगळ्या. तोवर त्यांना निरनिराळ्या जाती समजत.

भारतात हे काम पुढे नेलं ते एम. एस. मणी यांनी, गाठींच्या परिसरशास्त्रावरचा त्यांचा ग्रंथ 1964 चा. आपल्याकडे अशा गाठी पाहायच्याच तर रस्त्याकडेच्या सातविणीची पानं उलटून पाहावीत. करंजाच्या पानावरचे फोड मात्र सूक्ष्म कोळ्यांचे, कीटकांचे नव्हेत.

माल्पीगीच्या त्या द्रवात काय असावं, याचा ठोस धागा 2021 मध्ये मिळाला. अमेरिकेतल्या विच हेझल या देशी झुडपाच्या पानांवर मावा शंकूसारख्या गाठी करतो. ऐश्वर्या कोरगावकर, डेव्हिड स्टर्न आणि सहकाऱ्यांना या माव्याच्या लाळग्रंथींत काम करणारं, शेकडो जनुकांचं एक नवंच कुटुंब सापडलं. गाठ लाल होणार की हिरवी, हे त्यातल्या एका जनुकावर ठरतं आणि ते जनुक झुडपाचं नाही, माव्याचं आहे.