ट्रेकिंगचे ग्रुप कुठून आले आणि हरिहरवर एवढी गर्दी का होते

पावसाळ्यात नाशिक जिल्ह्यातल्या हरिहर गडाच्या पायऱ्यांवर माणसं अडकल्याचे व्हिडिओ येतात आणि सगळे 'हल्लीची पोरं' म्हणून मोकळे होतात, पण हे एका दिवसात झालेलं नाही.

मुंबईची गिरिविहार संस्था 1954 ची, नंतर मुंबई-पुण्याकडं आणि नाशकात बरेच क्लब निघाले. तेव्हा गड बघायचा तर कुणाच्या तरी मागून जायचं, शनिवारी मुक्कामाची एसटी, पायथ्याच्या देवळात पथारी आणि लीडर म्हणेल ते ऐकायचं. आधी सोपे गड, कातळटप्पे नंतर. पण ओळख नसेल तर क्लबात शिरणार कसं?

ती अडचण ऑर्कुट या सोशल नेटवर्किंग साइटनं सोडवली. 2004 मध्ये ते आलं आणि साताऱ्याच्या पोराला ठाण्यातला अनोळखी माणूस सांगायला लागला की गडावरच्या टाक्यातलं पाणी पिण्यालायक आहे का, पावसात कुठली वाट बंद होते, शेवटची एसटी किती वाजता. खरंच सोन्यासारखी माहिती होती ती, आणि त्यातूनच अनोळखी लोक एकत्र ट्रेकला जायला लागले, पुढं जन्माचे मित्र झाले. 30 सप्टेंबर 2014 ला ऑर्कुट बंद, 2020 च्या शेवटी ईमेलवर चालणारे याहू ग्रुप्सपण बंद. एवढी वर्षं लोकांनी जमवलेलं असं दुसऱ्याच्या जागेत ठेवलं की हेच होतं.

मंडळी तोवर फेसबुक आणि व्हॉट्सॅपवर गेलेली. व्हॉट्सॅप ग्रुपात 2016 मध्ये 256 जण मावायला लागले, 2022 मध्ये 1024. पण वाटेची माहिती गुड मॉर्निंगखाली गाडली जाते, परत शोधून सापडत नाही. 2016 मध्येच जिओ आलं, डेटा स्वस्त झाला, जुलै 2020 मध्ये भारतात इन्स्टाग्रामवर रील्स सुरू झाल्या आणि तिथून चित्रच पालटलं, कारण रीलमध्ये गड दिसतो, वाट आणि धोका दिसत नाही.

हरिहरच्या पायऱ्या कातळात खोदलेल्या, जवळजवळ उभ्या, हात धरायला नुसत्या खोबण्या. चढणारे आणि उतरणारे समोरासमोर आले की कुणालाच हलता येत नाही, त्यात पाऊस आणि शेवाळ. आणि त्यातले कितीतरी जण पैसे भरून, बसमधून, एकमेकांची नावंही माहीत नसताना आलेले असतात. ग्रुप मोठा झाला पण नवख्याकडं बघणारा लीडर त्यात राहिलाच नाही, माझ्या मते सगळ्यात मोठं नुकसान हेच.

अपघात झाला की दोर घेऊन दरीत उतरतात ते लोणावळ्याच्या शिवदुर्ग मित्रसारख्या संस्थांचे स्वयंसेवक. 2021 च्या राज्याच्या साहसी पर्यटन धोरणात आयोजकांनी पर्यटन संचालनालयाकडं नोंदणी करायची असं आहे, तेव्हा पुढच्या वेळी ग्रुपवर ट्रेकचं पोस्टर आलं की पैसे पाठवायच्या आधी नोंदणी आहे का आणि किती जणांमागं एक लीडर आहे ते सरळ विचारा.