वर्णन-फाइलीतून कमांड-लाइन पार्सर आणि दस्तऐवज
प्रोग्राम कमांड-लाइनवर कोणते पर्याय स्वीकारतो, हे एका स्वतंत्र फाइलीत ठरावीक रचनेत लिहून ठेवायचे आणि त्या फाइलीवरून पर्याय वाचणारा कोड (पार्सर), मदतीचा मजकूर, मॅन पेज (युनिक्समधील माहितीपान), टॅब दाबल्यावर नाव पुरे करणारी शेल-स्क्रिप्ट हे सगळे जनरेटरकडून, म्हणजे अशा फाइली निर्माण करणाऱ्या प्रोग्रामकडून, तयार करून घ्यायचे, अशी ही पद्धत आहे. सी आणि सी++ मधल्या जुन्या, मोठ्या प्रकल्पांत ती विशेष रुजली. पर्यायाची माहिती एकाच जागी असावी, एवढीच तिच्यामागची अपेक्षा आहे.

या अपेक्षेचे महत्त्व हाताने पार्सर लिहिताना कळते. एटी अँड टीने १९८५ साली गेटऑप्ट या फंक्शनचा कोड सर्वांसाठी खुला केला आणि युनिक्सवर पर्याय वाचण्याची एकसारखी रीत पसरली. पुढे ग्नू या मुक्त सॉफ्टवेअर प्रकल्पाच्या गेटऑप्ट-लाँगमुळे दोन डॅशांची लांब नावे आली. मात्र त्याबरोबर एकाच पर्यायाच्या नोंदी अनेक जागी विखुरल्या. एक नवा पर्याय घालायचा तर लघुअक्षरांच्या स्ट्रिंगमध्ये अक्षर वाढवावे लागते, लांब नावांच्या तक्त्यात ओळ घालावी लागते, स्विचमध्ये केस लिहावी लागते, शिवाय मदतीचा मजकूर, मॅन पेज आणि शेलची स्क्रिप्टही बदलावी लागते. यांतले काही राहून गेले तरी कंपायलर बहुधा गप्प बसतो. लघुअक्षरापुढचे कोलन विसरले, तर त्या पर्यायाला मूल्य लागतच नाही असे गेटऑप्ट धरून चालते आणि वापरणाऱ्याने दिलेले मूल्य फाइलीचे नाव समजून पुढे पाठवले जाते. प्रोग्राम मग ‘फाइल सापडली नाही’ अशी तक्रार करतो आणि शोध भलत्याच दिशेने सुरू होतो. मॅन पेजमधली चूक तर कोणी वाचून सांगेपर्यंत तशीच राहते.

वर्णन-फाइलीत प्रत्येक पर्यायाची एक नोंद असते. ग्नू गेनगेटऑप्ट या जनरेटरमध्ये ती जवळजवळ एका ओळीत मावते: लांब नाव, लघुअक्षर, एका वाक्याचे वर्णन, मूल्याचा प्रकार, गृहीत मूल्य आणि पर्याय ऐच्छिक की अनिवार्य. त्यातून एक सी फाइल आणि एक हेडर तयार होते. प्रोग्रामरच्या हाती एक स्ट्रक्चर येते. त्यात दर पर्यायासाठी मूल्याचे एक क्षेत्र असते आणि तो पर्याय खरोखर दिला होता का, हे सांगणारे दुसरे. हे दुसरे क्षेत्र फार मोलाचे आहे: वापरणाऱ्याने मुद्दाम पाच लिहिले की काहीच न लिहिल्यामुळे गृहीत पाच आले, हा फरक त्याशिवाय कळत नाही. तयार झालेला कोड आतून गेटऑप्ट-लाँगच वापरतो, त्यामुळे वेगळी लायब्ररी जोडावी लागत नाही.

ब्रूस कॉर्ब यांच्या ग्नू ऑटोजेन या जनरेटरमधील ऑटोऑप्ट्स याहून बरेच पुढे गेले. त्याच्या नोंदीत लहान वर्णनासोबत परिच्छेदांचे सविस्तर विवेचनही लिहिता येते आणि तेच मॅन पेजमध्ये व टेक्सइन्फो (ग्नूची दस्तऐवज-रचना) पुस्तिकेत उतरते. कोणता पर्याय कोणाबरोबर चालत नाही, कोणाला दुसऱ्याची सोबत लागते, एकच पर्याय किती वेळा देता येतो, हे नियमही नोंदीतच असतात. त्याच व्याख्येवरून पर्यायांची मूल्ये एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून आणि वापरणाऱ्याच्या आरसी (सेटिंगच्या) फाइलीतूनही वाचता येतात. परस्परविरोधी पर्यायांचे नियम नोंदीत असणे ही या पद्धतीची सर्वांत मोठी मिळकत म्हणावी लागेल, कारण हाताने लिहिलेल्या प्रोग्रामांत हे नियम एका ठिकाणी क्वचितच सापडतात. ते मुख्य फंक्शनभर पसरलेल्या अटींत दडलेले असतात आणि मॅन पेजला त्यांचा पत्ता नसतो.

या सामर्थ्याची किंमतही मोजावी लागते. ऑटोजेन चालायला गाइल हा स्कीम भाषेचा इंटरप्रिटर लागतो आणि तयार झालेल्या प्रोग्रामला लिबऑप्ट्स ही लायब्ररी लागते. बिल्डच्या साखळीत अशी अवजड कडी आली की नव्या प्लॅटफॉर्मवर सॉफ्टवेअर उभे करणाऱ्याचे काम वाढते. ग्नूटीएलएस या सुरक्षित संवादाच्या लायब्ररीच्या प्रकल्पाने आपल्या कमांड-लाइन साधनांसाठी अनेक वर्षे ऑटोऑप्ट्स वापरले, नंतर ते सोडून पर्यायांचे वर्णन जेसन या मजकूर-रचनेत आणले आणि पायथन स्क्रिप्टने सी कोड व दस्तऐवज तयार करण्याची व्यवस्था केली. म्हणजे वर्णन-फाइलीची कल्पना टिकली, फक्त जनरेटर बदलला. वर्णन प्रोग्रामच्या कोडात मिसळलेले नसले की असा बदल पेलतो.

व्याप्ती कुठे थांबवायची, याबाबत मोठ्या प्रकल्पांचे निर्णय वेगवेगळे आहेत. क्लँग या सी-सी++ कंपायलरचे पर्याय एलएलव्हीएम या त्याच्या मूळ प्रकल्पाच्या टेबलजेन भाषेत लिहिलेले असतात आणि त्यांवरून पार्सरचे तक्तेही निघतात आणि संदर्भ-पुस्तिकाही. आभासी यंत्रे चालवणाऱ्या क्यूईएमयूच्या एका फाइलीत पर्यायाची व्याख्या आणि तिचा पुस्तिकेतील मजकूर एकाखाली एक असतो. पर्याय बदलणाऱ्याच्या डोळ्यांसमोर मजकूर आपसूक येतो, म्हणून ही रचना साधी असूनही उत्तम आहे. जीसीसी या ग्नूच्या कंपायलरमध्ये मात्र अर्धेच काम झाले आहे. पर्याय आणि मदतीची ओळ ऑप्ट फाइलींत असतात, ऑक या मजकूर-प्रक्रियेच्या भाषेतील स्क्रिप्ट त्यांवरून कोड तयार करतात, पण सविस्तर पुस्तिका वेगळी आणि हाताने लिहिलेली असते. इंटरनेटवरून माहितीची ने-आण करणाऱ्या कर्लची वाट नेमकी उलटी आहे. २५० हून अधिक पर्यायांपैकी प्रत्येकाला स्वतःची छोटी फाइल आहे आणि त्यांतून मॅन पेज व मदतीची यादी तयार होते, पण पार्सर हाताने लिहिलेला आहे. त्यामुळे कोड, मदत आणि मॅन पेज यांतले पर्याय जुळतात का, हे पाहणारी चाचणी कर्लच्या चाचणी-संचात मुद्दाम ठेवली आहे. जो भाग जनरेटरच्या कक्षेबाहेर राहतो त्यासाठी असा पहारा लागतोच.

याच हेतूने निघालेल्या इतर वाटाही आहेत. ग्नू हेल्प-टू-मॅन हे साधन तयार प्रोग्राम चालवून त्याच्या मदतीच्या मजकुरातून मॅन पेज बनवते. दुसऱ्या प्रोसेसरसाठी क्रॉस-कंपाइल करताना हा मार्ग अडतो, कारण तो प्रोग्राम बिल्ड करणाऱ्या यंत्रावर चालतच नाही. व्लादिमिर केलेशेव यांच्या डॉकऑप्टने मदतीचा मजकूरच व्याकरण मानला आणि त्यावरून पार्सर उभा केला. वाचायला हे फार सुंदर आहे, मात्र मूल्यांचे प्रकार तपासण्याचे काम प्रोग्रामरकडेच राहते. पायथनच्या २.७ आणि ३.२ आवृत्त्यांपासून प्रमाण लायब्ररीत असलेले आर्गपार्स आणि रस्टमधील क्लॅप यांत वर्णन कोडातच लिहितात. एकाच भाषेतल्या प्रकल्पाला बहुतेक वेळा हेच पुरते. वेगळी फाइल खऱ्या अर्थाने उपयोगी पडते ती प्रोग्राम न चालवता, किंवा दुसऱ्या भाषेतल्या साधनाने पर्यायांची माहिती वाचायची असते तेव्हा.

तयार झालेल्या फाइली आवृत्ती-नियंत्रणात ठेवाव्यात का, यावर दोन मते आहेत. ठेवल्या तर जनरेटर नसलेल्यालाही बिल्ड करता येते, पण कोणीतरी घाईत तयार फाइलच दुरुस्त करतो आणि पुढच्या निर्मितीत ती दुरुस्ती पुसली जाते. अनेक प्रकल्प म्हणून या फाइली रिपॉझिटरीत न ठेवता फक्त प्रकाशनाच्या टारबॉलमध्ये (एकत्र बांधलेल्या फाइलींच्या गठ्ठ्यात) घालतात. ज्यांना त्या ठेवायच्याच असतात, ते प्रत्येक बदलानंतर स्वयंचलित चाचणीत जनरेटर पुन्हा चालवतात आणि निकालात एका ओळीचाही फरक पडला तर बदल परत पाठवतात.