शैवालाचे माध्यम: बीजी-11 सरसकट कसे रुळले?

सुरसागर तलावाच्या पाण्यातले शैवाल वेगळे करायला बसलेला वडोदऱ्याचा विद्यार्थी आज बहुधा थेट बीजी-11 हे माध्यम, म्हणजे शैवाल वाढवण्याचे क्षारांचे द्रावण, करायला घेतो. ही सवय फार जुनी नाही.

1860 च्या दशकात मातीविना रोपे वाढवण्यासाठी जर्मनीत क्षारांची द्रावणे निघाली. शैवालांसाठी पुढे तीच कमी-जास्त करून वापरली गेली. 1890 मध्ये क्लोरेला हे एकपेशीय हिरवे शैवाल शुद्ध स्वरूपात वाढले. नुसत्या क्षारांवर न तगणाऱ्या प्रकारांना मातीचा अर्क लागे. खत न घातलेली बागेची माती पाण्यात उकळायची, निवळू द्यायची आणि वरचे चहाच्या रंगाचे पाणी गाळून माध्यमात घालायचे. आपल्याकडच्या काळ्या मातीचा गाळ बसता बसत नाही, त्यापेक्षा गोराडू, म्हणजे गुजरातेतली वाळूमिश्रित माती, बरी. अर्कातले ह्यूमिक पदार्थ (कुजलेल्या पाल्यापाचोळ्यातून आलेले) लोह विरघळलेले ठेवतात. 1950 नंतर ते काम ईडीटीए या धातू धरून ठेवणाऱ्या रसायनाकडे गेले आणि अर्क मागे पडला. दर खेपेची माती वेगळी, म्हणून निष्कर्ष जुळत नाहीत, हा आक्षेप रास्तच होता.

खरा वाद त्यापुढचा. 1942 चे चू-10 हे माध्यम तळ्याच्या पाण्याशी मिळतेजुळते होते: लिटरला 40 मिलिग्रॅम कॅल्शियम नायट्रेट, शिवाय सोडियम सिलिकेट. 1971 च्या सुमारास रूढ झालेले बीजी-11 मुळात निळ्या-हिरव्या शैवालांसाठीचे. त्यात लिटरला दीड ग्रॅम सोडियम नायट्रेट, म्हणजे चू-10 च्या सुमारे 35 पट नायट्रोजन, आणि सिलिकेट अजिबात नाही. फ्लास्क लवकर हिरवागार होतो, म्हणून प्रयोगशाळांनी ते सगळ्यासाठीच उचलले. माझ्या मते हे चुकले. सिलिकेटवाचून डायटमना, म्हणजे सिलिकाचे कवच असलेल्या शैवालांना, कवच बांधता येत नाही. ते मागे पडतात आणि 'तळ्यात काय सापडले' ही यादी प्रत्यक्षात 'बीजी-11 ला काय मानवले' याची होते. ॲनाबिना या माळेसारख्या निळ्या-हिरव्या शैवालाचे तर ओळखच चुकावी असे होते: भरपूर नायट्रेट मिळाले की हेटेरोसिस्ट, म्हणजे हवेतला नायट्रोजन बांधणाऱ्या जाड भिंतीच्या पेशी, बहुधा धरतच नाहीत. त्यासाठी नायट्रेट वगळलेले बीजी-11 असते, पण ते वेगळे करून ठेवण्याची तसदी थोडेच घेतात.

ऑटोक्लेव्हमधून, म्हणजे दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणाऱ्या यंत्रातून, काढलेल्या बाटलीत पांढुरका साका दिसतो, तोही घाईचाच परिणाम. फॉस्फेट, कॅल्शियम आणि लोह एकत्र तापवले की एकमेकांना धरून तळाशी बसतात. फॉस्फेट वेगळे निर्जंतुक करून गार झाल्यावर मिसळले तर द्रावण नितळ राहते.

अलीकडे सगळा ओढा स्पिरुलिना या खाद्य निळ्या-हिरव्या शैवालाकडे आहे. त्याचे 1966 चे माध्यम लिटरला 16.8 ग्रॅम खाण्याचा सोडा मागते. टाक्यांतून पीक घेणारे सोडा ठेवतात. बाकीचे महागडे क्षार मात्र खतांवर भागवतात.