समोरच्याला वाचायची ही कला आली कुठनं

आपल्या बेळगाव, खानापूर, निपाणीकडं दिवाळीत तीनपत्ती बसली की सगळे एकमेकांच्या तोंडाकडंच बघत असतात, ब्लाईंड कोण चाललाय, पत्ते बघून गप कोण झालाय, आणि हीच सवय घेऊन पोरं चोर्ला घाटानं पणजीला जातात आणि मांडवीतल्या कॅसिनोत पोकरच्या कॅश टेबलावर, म्हणजे स्पर्धा नाही तर थेट पैशाचा खेळ चालतो तिथं, बसतात. तिथं नुसतं तोंड बघून काही भागत नाही, आणि ते का हे कळायला जरा मागं जायला पाहिजे.

अमेरिकेतल्या टेक्सासमध्ये पूर्वी डॉयल ब्रन्सन, अमरिलो स्लिम ही पोकरवर पोट भरणारी मंडळी गावोगाव फिरून खेळायची. तेव्हा व्हिडिओ नाही, सॉफ्टवेअर नाही, समोर बसलेला माणूस वाचता आला तरच पैसे टिकायचे. १९७० ला लास वेगासमध्ये पहिली वर्ल्ड सिरीज (पोकरचा सगळ्यात मोठा मेळा) झाली तीसुद्धा कॅश गेमचीच, जॉनी मॉसला खेळाडूंनी मत देऊन विजेता ठरवलं.

मग १९८४ ला माईक कारो नावाच्या पोकर खेळाडूनं या खाणाखुणांचं फोटोंसकट पुस्तक काढलं. त्याचं म्हणणं, पत्ते हलके असले की माणूस जोर दाखवतो आणि भारी असले की मरगळल्यासारखा बसतो. फ्लॉप (टेबलावर सगळ्यांसाठी मांडलेले पहिले तीन पत्ते) उघडल्याबरोबर ज्याची नजर झटकन स्वतःच्या चिप्सवर जाते त्याला बहुतेक काहीतरी लागलंय, आणि बेट लावताना एकदम हात थरथरायला लागले तर तो ब्लफ (हलक्या पत्त्यांवरची थाप) समजून कॉल करू नका, म्हणजे तेवढेच पैसे लावून पुढं जाऊ नका, तो बहुतेक वेळा भारी पत्ते लागल्याचा ताण असतो. मला तर हे दोन आजही सगळ्यात कामाचे वाटतात.

खरा फरक पडला २००३ ला. ख्रिस मनीमेकर नावाचा अकाउंटंट ऑनलाइन क्वालिफाय होऊन आला आणि वर्ल्ड सिरीजचे २५ लाख डॉलर घेऊन गेला. ऑनलाइनला तोंडच दिसत नाही की, त्यामुळं लोक किती लावले, किती वेळ घेतला, कुठल्या पोझिशनवरनं (आधीच्या पाळीत की शेवटच्या) लावले एवढंच वाचायला शिकले आणि तेच डोकं घेऊन लाईव्ह, म्हणजे समोरासमोरच्या, टेबलावर आले. २०१३ च्या एका अभ्यासात लोकांना वर्ल्ड सिरीजच्या क्लिप दाखवल्या, नुसता चेहरा बघून अंदाज चुकतच गेले, पण चिप्स पुढं सरकवणारे हात बघणाऱ्यांचे बऱ्यापैकी बरोबर आले.

आपल्या कर्नाटकात कायद्याचं वरखाली चालूच राहिलं, २०२१ ला ऑनलाइन पैशाच्या खेळावर बंदी, फेब्रुवारी २०२२ ला हायकोर्टानं त्यातली मुख्य कलमं रद्द केली, आणि २०२५ ला केंद्राचाच बंदीचा कायदा आला. म्हणजे नवीन पोरांना आता ऑनलाइनचा सराव नाही, थेट लाईव्ह टेबलच.

कॅश गेमात तीच माणसं तासन्‌तास समोर असतात, हा मोठा फायदा आहे. दोन तास नुसता कॉल करणारा माणूस रिव्हरला (टेबलावरच्या पाचव्या, शेवटच्या पत्त्यावर) अचानक रेझ मारतो, म्हणजे पैसे वाढवतो, तेव्हा त्याचं तोंड कसंही असू दे, आपली टॉप पेअर (टेबलावरच्या सगळ्यात मोठ्या पत्त्याशी जमलेली जोडी) टाकून द्यायची. आणि आपण फोल्ड केल्यावर (पत्ते टाकल्यावर) मोबाईल काढायचा नाही, शोडाऊनला, म्हणजे शेवटी, समोरच्यानं पत्ते उघडले की त्यानं फ्लॉपला किती लावले होते, टर्नला (चौथ्या पत्त्यावर) किती, हे मागं जाऊन जुळवून बघायचं, पुढच्या वेळी तोच आकडा लावला की त्याच्याकडं काय असणार ते लगेच लक्षात येतं.