देवमाशाच्या परातला हात

नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्याला देवमाशाचं एक पिल्लू लागलं. माणसं त्याच्या अंगावर पाणी ओतत राहिली. त्याला ओढून समुद्रात सोडलंही, पण ते जगलं नाही. आपण त्याला मासा म्हणतो, पण ते होतं फुप्फुसांनी श्वास घेणारं, आईच्या दुधावर वाढणारं पिल्लू. अ‍ॅरिस्टॉटलला हे ठाऊक होतं, तरी प्राण्यांचं वर्गीकरण करणाऱ्या लिनियसने देवमाशांना सस्तन प्राण्यांत बसवायला १७५८ साल उजाडलं.

फरक कापायला घेतलेल्या सुरमईतही दिसतो. तिची शेपटी उभी, डावी-उजवीकडे हलणारी. देवमाशाची आडवी, वर-खाली हलणारी. कुत्रा जोरात धावतो तेव्हा त्याचा कणा असाच वर-खाली वाकतो. जमिनीवरची ती चाल देवमाशाने पाण्यात नेली. आणि देवमाशाचा पोहायचा पर सोलला तर आत आपलाच हात: दंडाचं एक हाड, पुढे दोन, मग मनगट आणि बोटं. घडण एक आणि काम वेगळं, अशा अवयवांची नेमकी व्याख्या इंग्रज शरीररचनातज्ज्ञ रिचर्ड ओवेनने १८४३ मध्ये केली. ही घडण एकाच पूर्वजाकडून आली, हे डार्विनने १८५९ मध्ये मांडलं.

पण देवमाशाचा जमिनीवरचा पूर्वज कोण? मला अभिमान वाटतो की उत्तराचा मोठा भाग आपल्या उपखंडातल्या दगडांत निघाला. १९७५ मध्ये साहनी आणि मिश्रा या जीवाश्म-अभ्यासकांनी कच्छमधल्या जुन्या देवमाशांच्या जीवाश्मांचं वर्णन प्रसिद्ध केलं. भूवैज्ञानिक ए. रंगा राव यांनी जम्मूकडच्या राजौरी जिल्ह्यातल्या कालाकोटहून जीवाश्मांचे दगड गोळा केले होते. राव वारल्यावरही कितीतरी दगड न फोडलेलेच राहिले. पुढे ते साफ करताना एका कवटीचं कानाजवळचं हाड तुटलं, आणि आतली भिंत देवमाशांच्या कानासारखी जाड निघाली. तो प्राणी इंडोह्यस, देवमाशांचा थेट पूर्वज नव्हे, पण जवळचा नातेवाईक: ४.८ कोटी वर्षांपूर्वीचा, साधारण मांजराएवढा, खूर असलेला. त्याची हाडं जड होती, पाण्यात तळाशी पाय टेकून चालायला सोयीची. हे संशोधन २००७ मध्ये प्रसिद्ध झालं.

कोकणच्या काळ्या कातळात असे सांगाडे मिळायचे नाहीत. तो लाव्हा सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीचा, देवमाशांच्याही आधीचा. इथे पुरावा लाटांबरोबर येतो. किनाऱ्याला लागलेल्या देवमाशाच्या मांसात खोलवर कमरेची दोन लहान हाडं असतात, कण्याला कुठेच न जोडलेली.